चॅनेल बदलून बघा

मागच्या शनिवारी सकाळी मावशीचा फोन आला. "अरे, ही बातम्यांतली बाई आधी बोलते आणि मग तोंड हलवते. मला काही कळेनासं झालंय."

मावशीच्या दोन्ही कानांना मशीन आहे. मशीन असलं तरी निम्मं ऐकणं ती डोळ्यांनी करते, म्हणजे समोरच्याच्या ओठांकडे बघून. फोनवर तिला त्रास होतो, टीव्हीवर होत नाही. म्हणजे आत्तापर्यंत होत नव्हता.

मी म्हटलं, "मावशी, चॅनेल बदल आणि परत ये बघू."

"झालं रे ठीक! कसं काय?"

कसं काय ते तिला सांगितलं नाही. फोन ठेवला आणि चांगलाच खजील झालो. कारण "चॅनेल बदलून बघा" हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते ज्या कंपनीत सेट टॉप बॉक्सचं सॉफ्टवेअर लिहायचो तिथे. कस्टमर केअरला पाठवलेल्या उत्तरात ते होतं आणि ते उत्तर लिहिणाऱ्या मीटिंगमध्ये मी बसलेला होतो. मावशीकडचा बॉक्स आमचा नव्हे, पण दुखणं अगदी तेच.

तर मंडळी, आजचं पोस्ट भांडणाचं आहे, आणि भांडण आपल्याशीच आहे. आपण म्हणजे सॉफ्टवेअरवाले. चहा घेऊन बसा.

आधी थोडं जुनं. ज्यांच्या घरी पिक्चर ट्यूबवाला टीव्ही होता त्यांना व्ही-होल्ड नावाचं बटण आठवत असेल. ते बिघडलं की चित्र खालून वर गुंडाळल्यासारखं फिरत राहायचं आणि बाबा उठून टीव्हीच्या डोक्यात एक चापट मारायचे. त्या टीव्हीत चित्राच्या सेकंदाला १५,६२५ ओळी, प्रत्येक ओळ ६४ मायक्रोसेकंदांची. प्रत्येक ओळीच्या आधी प्रक्षेपण केंद्राकडून एक टिचकी यायची: "चल, पुढची ओळ." टीव्हीचं स्वतःचं घड्याळ असायचं, पण नावापुरतं. टिचकी येईल तसं ते पुढेमागे ओढलं जायचं. टिचकी चुकली तर चित्र तिरकं होणार किंवा फिरणार. चूक लपायला जागाच नव्हती.

म्हणूनच १९८७-८८ मध्ये रविवारी सकाळी 'रामायण' चालू असताना गल्लीतून चालत गेलं तर एकही वाक्य बुडायचं नाही, असं मोठी माणसं सांगतात. एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीपर्यंत आवाज सलग. सगळ्या घरांत अक्षरशः एकच क्षण चालू असायचा. आता मॅचच्या दिवशी आमच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर विकेट पडते, मग पहिल्यावर, आणि मोबाईलवर बघणाऱ्याला ती सगळ्यात शेवटी, आरडाओरड ऐकून झाल्यावर. हे विनोदाचं झालं. त्यावर खूप लिहून झालंय, मी लिहिणार नाही. उपग्रहापर्यंत जाऊन यायलाच पाव सेकंद लागतो, त्याला कोणाचा इलाज नाही. माझी तक्रार उशिराची नाही. तक्रार आहे ती एकाच घरातल्या, एकाच बॉक्समधल्या आवाजाची आणि ओठांची फारकत होण्याची.

डिजिटलमध्ये टिचकी नाही. १८८ बाईट्सची पाकिटं येत राहतात. त्यात एक पाकीट चित्राचं, एक आवाजाचं, एक तिसऱ्याच चॅनेलचं, असं सगळं सरमिसळ. पाकीट कधी आलं यावरून ते कधी दाखवायचं हे कळत नाही. नव्वदच्या दशकात एमपीईजी-२ चं मानक करणाऱ्या लोकांना हे पक्कं माहीत होतं, आणि त्यांनी जे केलं ते मला अजूनही फार देखणं वाटतं. त्यांनी प्रक्षेपकाचं घड्याळच पाकिटात घालून पाठवलं. पलीकडे एक २७ मेगाहर्ट्झचं घड्याळ चालू असतं, आणि जास्तीत जास्त दर १०० मिलिसेकंदांनी (डीव्हीबीवाले म्हणतात शक्यतो ४०) एक निरोप येतो की माझ्या घड्याळात आत्ता इतके वाजलेत. हा पीसीआर, म्हणजे प्रोग्रॅम क्लॉक रेफरन्स. शिवाय चित्राच्या आणि आवाजाच्या तुकड्यांवर शिक्के असतात: हा इतके वाजता दाखवा, हा इतके वाजता वाजवा. हे पीटीएस.

म्हणजे रिसीव्हरचं काम काय? निरोप ऐकत राहायचं, आपलं घड्याळ त्याच्याशी ताडून बघायचं, पुढे जात असेल तर किंचित हळू करायचं, मागे पडत असेल तर किंचित जोरात. याला फेज लॉक्ड लूप म्हणतात. पण आपल्याकडे मैफिलीला बसणाऱ्या कोणालाही हे नाव न घेता समजेल. चांगला तबलजी गायकाला धरून वाजवतो. गायकानं लय किंचित वाढवली तर तोही वाढवतो, आणि समेवर दोघं एकत्र येतात. आपण काय केलं? तबलजीला सांगितलं, तू तुझ्या मेट्रोनोमवर वाजव, फारच अंतर पडलं तर एखादं आवर्तन गाळ.

अतिशयोक्ती वाटतेय? हिशोब करू.

मानकाप्रमाणे प्रक्षेपकाचं घड्याळ २७ मेगाहर्ट्झपासून फार तर ८१० हर्ट्झ इकडे-तिकडे असू शकतं, म्हणजे दहा लाखात तीस. बॉक्समधलं स्वस्त क्रिस्टलही साधारण त्याच जातीचं. दोघांत दहा लाखात तीसचा फरक पडला तर तासाला १०८ मिलिसेकंद, आणि दिवसाला अडीच सेकंदांहून जास्त. तासाला १०८ म्हणजे किती? आयटीयूची एक शिफारस आहे, बीटी.१३५९, १९९८ सालची. तिच्यानुसार आवाज ४५ मिलिसेकंद लवकर आला तर माणसाला जाणवू लागतं आणि ९० लवकर आला तर ते खपवून घेण्यापलीकडे जातं. उशिरा आला तर मात्र सवलत आहे: १२५ ला जाणवतं, १८५ पर्यंत चालतं.

ही सवलत एकतर्फी का? कारण निसर्गात आवाज उशिराच येतो. नाट्यगृहात २० मीटर मागे बसा, नटाचं वाक्य तुमच्यापर्यंत यायला साधारण ५८ मिलिसेकंद लागतात आणि तुम्हाला काहीही खटकत नाही. धोबीघाटावर आधी कपडा आपटलेला दिसतो, मग आवाज. उलटं कधी होतच नाही. म्हणून आवाज ओठांच्या आधी आला की मेंदूला ते चालत नाही, मग ते कारण तुम्हाला शब्दांत सांगता येवो न येवो.

आता माझा गुन्हा. २००८ च्या आसपासची गोष्ट. आमच्या बॉक्समध्ये चित्र नीट पीसीआरला धरून चालायचं, पण आवाजाचं घड्याळ मोकळं सोडलेलं होतं. कारण आवाजाचा वेग वरचेवर बदलला की कुठल्याशा टीव्हीवर खरखर येत होती, आणि रिलीज तोंडावर होतं. मग ठरलं की आवाज आपल्या वेगानं जाऊ दे, पीटीएसशी अंतर १५० मिलिसेकंदांपेक्षा जास्त झालं की एकदम जुळवून घेऊ. ती ओळ मी लिहिली. अंतर काढलं, अ‍ॅब्सोल्यूट व्हॅल्यू घेतली, १५० शी तुलना केली. रिव्ह्यूमध्ये कोणी काही म्हणालं नाही. १८५ चालतं ना, मग १५० सुरक्षितच!

ती अ‍ॅब्सोल्यूट व्हॅल्यू हाच तो गुन्हा. उशिराच्या बाजूला चालणारा आकडा मी लवकरच्या बाजूलाही लावला. आवाजाचं क्रिस्टल किंचित जलद असेल तर आवाज हळूहळू पुढे सरकणार. पाऊण-एक तासात तो ९० ची मर्यादा ओलांडणार, तरी माझा कोड म्हणणार सगळं छान आहे. ८० ते ८५ मिनिटांनी एक 'टक', क्षणभर शांतता, सगळं जुळणार, आणि पुन्हा पहिल्यापासून. आलेख काढलात तर करवतीचे दात.

आमच्या टेस्टिंगमध्ये हे का सापडलं नाही? आमचा टेस्टर दर दोन मिनिटांनी चॅनेल बदलायचा. त्याचं कामच ते होतं, चॅनेल बदलायला किती वेळ लागतो ते मोजणं. आणि चॅनेल बदललं की सगळी घड्याळं नव्यानं जुळतात. रात्रभर चालवायची टेस्टही होती, पण सकाळी येऊन बघायचं काय, तर बॉक्स हँग झालाय का. रात्रभर ओठ आणि आवाज बघत कोण बसणार? इकडे घरोघरी आजी-आजोबा सकाळी लावलेलं चॅनेल दुपारी झोपताना बंद करतात. म्हणजे आपलं सॉफ्टवेअर खऱ्या अर्थानं टेस्ट करणारी माणसं तीच, आणि बग रिपोर्ट लिहिता न येणारी माणसंही तीच.

असल्या वेळेच्या बग्जची आणखी एक मजा सांगतो. पीटीएसचा आकडा ३३ बिटांचा, आणि तो सेकंदाला ९०,००० नं वाढतो. म्हणजे साधारण साडेसव्वीस तासांनी भरून परत शून्यावर येतो. ज्यानं वजाबाकी करताना हे लक्षात घेतलं नाही त्याचा बॉक्स त्या क्षणी गोंधळतो. आणि दिवस चोवीस तासांचा असल्यामुळे हा क्षण रोज अडीच तासांनी पुढे सरकतो. आज रात्री नऊला, उद्या साडेअकराला, परवा मध्यरात्र उलटून दोनला. ऑफिसच्या वेळेत तो दहा-अकरा दिवसांतून तीनचार दिवसच येणार, आणि तेव्हा नेमकं ते चॅनेल कोणीतरी लावलेलं असायला हवं. मग ट्रॅकरवर शेरा पडतो: पुन्हा घडवता आलं नाही, बंद करत आहे.

आता हार्डवेअरवाल्यांकडे बघा, आणि मग मला सांगा चूक कोणाची. डिशमधून येणारा सिग्नल पकडणारा जो डीमॉड्युलेटर असतो, त्यालाही वेळ जुळवावीच लागते आणि तीही भयंकर बारीक. सेकंदाला पावणेतीन कोटी सिंबॉल्सचा ट्रान्सपॉन्डर धरला तर एक सिंबॉल जेमतेम ३६ नॅनोसेकंदांचा. त्याच्या बरोबर मध्यावर नमुना घ्यायचा, नाहीतर शेजारचा सिंबॉल यात मिसळतो. फ्लॉइड गार्डनर यांनी १९८६ मध्ये यासाठी एक पद्धत मांडली. ती इतकी साधी की हेवा वाटावा. प्रत्येक सिंबॉलमागे फक्त दोन नमुने घ्या. लागोपाठच्या दोन सिंबॉल्सची वजाबाकी करा आणि तिला त्या दोघांच्या मधल्या नमुन्यानं गुणा. वेळ बरोबर असेल तर मधला नमुना शून्याच्या आसपास असतो आणि गुणाकार सरासरीनं शून्य येतो. नसेल तर येणाऱ्या आकड्याचं चिन्हच सांगतं की तुम्ही लवकर आहात की उशिरा. (चिन्ह! मी अ‍ॅब्सोल्यूट व्हॅल्यू लावून जे फेकून दिलं तेच.) घरातला डिश बॉक्स पाऊस नसताना रोज हे काम कोट्यवधी वेळा करतो आणि कोणाला पत्ताही लागत नाही.

तिथे इतकी काळजी का? कारण तिथे चुकलं तर चित्रच येत नाही. काळा पडदा. काळ्या पडद्यावर रिलीज होत नाही. आणि ओठ-आवाज चुकला तर काय होतं? कोणीतरी जरा अस्वस्थ होतं, एवढंच. त्या अस्वस्थतेचा लॉग येत नाही.

"पण कळतं कोणाला?" हा प्रश्न मी त्या मीटिंगमध्ये स्वतः ऐकलाय, आणि विचारणारा मूर्ख नव्हता. उत्तर असं की कळत नसलं तरी परिणाम होतो. मॅकगर्क आणि मॅकडॉनल्ड यांचा १९७६ चा प्रयोग प्रसिद्ध आहे: आवाज 'बा'चा, ओठ 'गा'चे, आणि ऐकणाऱ्यांना ऐकू येतं 'दा'. म्हणजे आपण सगळेच थोडे थोडे ओठ वाचतो. कान चांगले असतात म्हणून कळत नाही इतकंच. मावशीसारख्यांना ती चैन नाही. त्यांच्यासाठी ओठ म्हणजे निम्मं वाक्य. १०० मिलिसेकंद म्हणजे घाईत बोलणाऱ्या निवेदिकेचं जवळजवळ अर्धं अक्षर. ते सरकलं की ओठ मदत करायचं सोडून दिशाभूल करतात. पायऱ्या चढणाऱ्याला त्रास होतो म्हणून इमारतीला रॅम्प लागतो हे आता आपण मान्य करतो (बांधत नाही, पण मान्य करतो). इथे रॅम्प मानकातच बांधून दिलेला होता, आणि आपण त्यावर सामान ठेवलं.

दुसरा बचाव पैशाचा. पूर्वी घड्याळ ओढायला व्होल्टेजनं वेग बदलणारं वेगळं क्रिस्टल लागायचं, ते महाग पडायचं, हे खरं. पण आता हे काम बहुतेक चिप्समध्ये आतच होतं. एका रजिस्टरमध्ये आकडा लिहिला की घड्याळ दहा लाखात एकनंसुद्धा हलतं. म्हणजे हार्डवेअरवाल्यांनी आपलं काम करून ठेवलंय. उरला तो लूप: निरोप वाचायचा, फरक काढायचा, गाळायचा, आकडा लिहायचा. शेदोनशे ओळींचा कोड. तो आपला. आणि तोच कोणाचा नसतो. ड्रायव्हरवाला म्हणतो मिडलवेअरचं काम, मिडलवेअरवाला म्हणतो चिपबरोबर आलेल्या लायब्ररीत असेल, आणि लायब्ररीत तो पर्याय डीफॉल्टनं बंद असतो.

इथे एक मान्य करायला हवं. हा लूप दिसतो तितका सोपा नाही. प्रत्येक निरोपामागे घड्याळ धावडवलं तर उलट जास्त गोंधळ होतो, म्हणून मानकानं प्रक्षेपकालाही बांधलंय की तुझा वेग सेकंदाला ०.०७५ हर्ट्झपेक्षा जास्त भरभर बदलायचा नाही. आणि केबल-डिश सोडून इंटरनेटवरून येणारा टीव्ही घेतलात तर निरोपच वाटेत कित्येक मिलिसेकंद रेंगाळतात, जिथे मूळ मानकाला अपेक्षा ५०० नॅनोसेकंदांची होती. तिथे मिनिटंच्या मिनिटं सरासरी काढत बसावं लागतं. कंट्रोल थिअरीचं पुस्तक उघडावं लागतं, जे आपण परीक्षेनंतर रद्दीत दिलेलं असतं. अवघड आहे म्हणून केलं नाही असं कोणी म्हणालं असतं तर मी हे पोस्ट लिहिलं नसतं. पण तसं कोणी म्हणत नाही. म्हणतात, "बफर वाढवू."

बफर! आमच्या धंद्यातला हा रामबाण. बफर वाढवून फरक जात नाही हो, पुढे ढकलला जातो. येण्याचा वेग आणि जाण्याचा वेग वेगळे असतील तर टाकी कधीतरी भरणार किंवा रिकामी होणार, मग ती बादलीएवढी असो की गच्चीवरच्या टाकीएवढी. हे गणित चौथीत असतं, नळाचं.

आणि "आता सेट टॉप बॉक्स कोण बघतं" म्हणणाऱ्यांनाही एक सांगतो. मोबाईलवरचे प्लेयर्स मुळात ठेवलेली फाईल वाजवण्याच्या सवयीतून आले. फाईलला पलीकडे चालू घड्याळ नसतं, तुमच्याच घड्याळानं वाजवा, काही बिघडत नाही. लाईव्ह प्रक्षेपणाला ते असतं. मागे पडलं की हे प्लेयर गुपचूप वेग वाढवून गाठतात. एक्झोप्लेयरमध्ये यासाठी ठेवलेली मूळ मर्यादा ०.९७ ते १.०३ आहे. तीन टक्के म्हणजे दहा लाखात तीस हजार. मानकवाल्यांनी तीसवर इतका जीव काढला होता! आवाजाची पट्टी सांभाळून करतात, आणि बहुतेकांना चालतं, हे मान्य. पण आलाप तीन टक्के जलद ऐकवणं ही आपली अधिकारकक्षा आहे असं आपल्याला केव्हा वाटायला लागलं, हे मला खरंच विचारायचंय.

शेवटचा मुद्दा मेन्यूतल्या 'ऑडिओ डिले'चा. एचडीएमआय १.३ मध्ये, २००६ सालीच, टीव्हीनं आपल्याला चित्र दाखवायला किती वेळ लागतो ते बॉक्सला कळवायची सोय झाली. तरीही आज प्रत्येक टीव्हीत, प्रत्येक साउंडबारमध्ये ती सरकपट्टी आहेच. तिचा सरळ अर्थ असा की यंत्रांनी एकमेकांशी बोलायचं होतं, ते आता तुम्ही करा. त्यातही ती बहुतेक ठिकाणी आवाज फक्त उशिरा करू शकते. ब्लूटूथच्या हेडफोनमुळे आवाज आधीच मागे पडला असेल तर ती पट्टी काय कपाळ करणार? आणि करवतीच्या दातांसारखी बदलत जाणारी चूक एका ठरलेल्या आकड्यानं कशी जाणार?

रविवारी मावशीकडे गेलो. फोन स्टँडवर ठेवून सेकंदाला ६० फ्रेम्सनं टीव्हीचं शूटिंग केलं. निवेदिकेच्या 'प', 'ब', 'म'ला ओठ मिटतात, तिथे फ्रेम्स मोजल्या. फोनची स्वतःची थोडी चूक असते, पण ती तेवढीच राहते, बदल कळतो. चॅनेल लावल्यावर जवळजवळ शून्य. पाऊण तासानं पाच फ्रेम्स, आवाज पुढे. सव्वा तासानं आठ. थोड्या वेळानं 'टक', आणि परत शून्य. दुसरा बॉक्स, दुसरी कंपनी, माझीच ओळ. कंपनीला आकड्यांसकट पत्र लिहिलं. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. त्यात काय होतं ते पोस्टच्या नावात आहे.

मावशीनं मात्र स्वतःचा उपाय काढलाय. जाहिराती लागल्या की ती एक चॅनेल पुढे जाते आणि परत येते. दर वेळी, न चुकता. मी बघत होतो तर म्हणाली, "सवय झाली रे आता. तू चहा घे."